४० तारांचं मागचं चाक

घरात एखादी जुनी काळी सायकल असेल तर उलटी करून तारा मोजा. पुढच्या चाकात बहुधा ३२ भरतील, मागच्यात ४०. दुधाचे कॅन, नारळांचं पोतं, कॅरिअरवरचा पाहुणा, सगळा भार मागे. म्हणून तिथे आठ तारा जास्त. हा मूळचा इंग्रजी हिशेब. तंबू, स्टोव्ह, कपडे लादून रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड आणि फेरीबोटीने तवसाळ गाठायला निघालेल्या सायकलीला २४ तारांचं नाजूक चाक दिसलं, की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे ३६ तरी हव्यातच.

बैलगाडीचा आरा खाली आला की गाडीचं ओझं पेलतो. सायकलची तार दाबली तर वाकेल, म्हणून ती आधीच ताणून बसवतात. जमिनीकडे आली की ताण उतरतो, वर गेली की पुन्हा चढतो. किलोमीटरमागे हे साडेचारशेहून अधिक वेळा. तार बहुतेकदा एका दणक्याने तुटत नाही, या उतर-चढीने थकून तुटते. तीही हबच्या भोकातल्या कोपराशी. आणि आधी थकते ती ढिली तार. जाड तारा घातल्या की चाक भक्कम, हा समज म्हणूनच खोटा. टोकांना २ आणि मध्ये १.८ मिलिमीटरची तार जास्त टिकते, कारण मधला बारीक भाग ताणला जातो आणि कोपर वाचतं.

आंबा घाट चढताना पॅडलचा जोर हबकडून रिमपर्यंत नेतात त्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारा. त्यांचं पेटंट जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये घेतलं.

चांगला कारागीर आऊट काढताना डोळ्यांइतकाच कानांवर विसंबतो. एका बाजूच्या तारा बोटाने छेडत जातो. सूर उतरला तिथे निपल पाव फेरा आवळतो. मग शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून दाबतो. टिक्-टिक् आवाज येतो, तारा जागेवर बसतात, चाक जरासं आऊट होतं. पुन्हा पहिल्यापासून. घाईतली दुकानं इथेच अंग चोरतात.

मागच्या चाकाची गिअरकडची बाजू जास्त ताठ, डावी सैल. हा तिढा गिअर आले तेव्हापासूनचा. खाऱ्या हवेत तारा स्टेनलेसच्या घ्या आणि दोन-तीन जास्तीच्या सोबत ठेवा. पण उजवीकडची तार बदलायची तर आधी गिअर उतरवावे लागतात. त्याचा पाना घरी राहिला, तर त्या तारांनी फार तर तंबू ताणता येईल.