सरकलेलं टिंब

चाळीस बॅज. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं. गॅदरिंग परवावर आलेलं आणि मी दिल्लीगेटजवळच्या एका गाळ्यात उभी, हातातल्या पहिल्याच बॅजकडे बघत. त्यावर रेखीव, एकसारख्या खोलीचं खोदलेलं होतं : 'स्वंयसेवक'.

बघा पुन्हा. दिसलं? टिंब 'य'वर हवं, ते 'स्व'वर जाऊन बसलंय. चाळीसच्या चाळीस बॅजवर.

"काका, हे चुकलंय."

काकांनी काही न बोलता मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर माझाच मेसेज, माझंच टायपिंग. त्याखाली त्यांनी पाठवलेला डिझाइनचा फोटो. आणि त्याखाली मी दिलेला अंगठा.

"ताई, तुम्ही पाठवलं तेच खोदलंय. छापलेलं असतं तर वरून स्टिकर मारला असता. खोदकामात कंट्रोल झेड नसतं."

भांडायला जागाच नव्हती. पैसे दुसऱ्यांदा भरले. बदल्यात नवे बॅज होईपर्यंत दोन तास त्या गाळ्यात बसायला मिळालं आणि रोज जे गळ्यात, खिशावर, दारावर बघतो ते बनतं कसं हे पहिल्यांदा नीट बघितलं.

अक्षर लिहायचं नाही, उघडायचं

बॅजची शीट म्हणजे सँडविच. वर काळा पातळ थर, खाली पिवळा जाड. बाजारात तिला 'डबल कलर शीट' म्हणतात. जाडी साधारण १.३ ते १.५ मिलिमीटर. बहुतेक वेळा ती एबीएस प्लास्टिकची असते. लेगोचे ठोकळे बनतात तेच प्लास्टिक. वरचं काळं खरवडून काढलं की खालचं पिवळं दिसतं, तेच अक्षर. रंग भरलेलाच नाही, त्यामुळे तो उडायचाही प्रश्न नाही. पोलिसांच्या, भिंगार कॅम्पातल्या जवानांच्या वर्दीवरची नावाची पट्टी वर्षानुवर्षं ऊन, घाम, पाऊस सोसते ती याच कारणानं.

खरवडायचं काम आधी पेंटोग्राफवर व्हायचं. एका बाजूला पितळी अक्षरांचा साचा, त्या खाचेतून हातानं एक टोक फिरवायचं; दुसऱ्या बाजूला तेच अक्षर लहान होऊन कटरखाली उमटायचं. मूळ कल्पना १६०३ ची, क्रिस्टोफ शायनर नावाच्या जर्मन धर्मगुरूची. तो चित्रांची लहान-मोठी नक्कल करायला ते वापरायचा. इंग्रजीच्या साच्यात २६ अक्षरं आणि आकडे असले की भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं. एक पट्टी करताना साचा किती वेळा बदलावा लागत असेल, विचार करा.

काकांकडे आता दोन मशीन आहेत. एक संगणकावर चालणारं कटरचं, एक लेझरचं. कटरच्या टोकाभोवती एक नळी असते, ती शीटच्या पृष्ठभागावर टेकून सरकते. शीट थोडी वाकडी असली तरी त्या नळीमुळे खोली सगळीकडे सारखी राहते. माझ्या चुकीच्या बॅजवरही ती सारखीच राहिली होती, हे तेव्हा फार बोचलं.

'मेन इनकमर' आणि जिवाची गोष्ट

काकांचं खरं गिऱ्हाईक गॅदरिंगवाले नाहीत, एमआयडीसी आहे. नगरच्या एमआयडीसीत मोटारी बनतात, स्विचगिअर बनतं. कंट्रोल पॅनेलच्या दारावर 'मेन इनकमर', 'पंप २', 'इमर्जन्सी स्टॉप' अशा ज्या पट्ट्या असतात त्या खोदलेल्याच लागतात. स्टिकर उष्णतेनं सुटतो, तेलाच्या फडक्यानं पुसला जातो. आणि 'पंप २'ची पट्टी चुकून 'पंप ३'वर लागली तर? दुरुस्तीला आलेला माणूस एक लाइन बंद करेल आणि हात चालू लाइनला लावेल. माझं टिंब त्यापुढे काहीच नाही.

या पट्ट्यांना इलेक्ट्रिकलवाले 'ट्रॅफोलाइट' म्हणतात. इंजिनिअरिंगवाल्यांनी हा शब्द टेंडरमध्ये वाचला असेल. तो एका ब्रँडचा आहे. मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीनं १९२७ मध्ये ही थरांची शीट काढली, जागेवरून नाव पडलं. आज ऑर्डरवर शब्द तोच लिहितात, शीट मात्र बऱ्याचदा एबीएसची किंवा अ‍ॅक्रिलिकची असते.

लेझरला सगळंच चालत नाही

लेझरचं मशीन दिसायला भारी. ही कार्बन डायऑक्साइड लेझर, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. डोळ्यांना न दिसणारा हा किरण प्लास्टिक पटकन शोषून घेतं आणि त्या जागचं मटेरियल वाफ होऊन उडतं. स्पर्श नाही, कटरची धार जायची भीती नाही, एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूपर्यंत प्रिंटरसारखं ओळीनं खोदत जातं. पण कुठल्या प्लास्टिकवर चालवताय यावर सगळं अवलंबून. लेझरसाठी वेगळी डबल कलर शीट मिळते, तिचा वरचा थर खूपच पातळ असतो. साध्या एबीएसवर कडा वितळतात आणि वास सहन होत नाही. पॉलिकार्बोनेट तपकिरी पडतं. लेझरचं लाडकं म्हणाल तर अ‍ॅक्रिलिक. त्यातही 'कास्ट' अ‍ॅक्रिलिकवर अक्षर बर्फासारखं पांढरं उमटतं, 'एक्स्ट्रुडेड'वर तेच फिकं, पारदर्शक राहतं. ट्रॉफी स्वस्तात मिळाली आणि नाव दिसेनासं झालं, तर बहुधा दुसरी शीट गळ्यात मारलेली असते.

मी प्रोजेक्टसाठी घेतलेला सनबोर्डचा तुकडा पिशवीत होता. विचारलं, यावर लेझरनं नाव करून द्याल का? काका पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "ते पीव्हीसी आहे. मशीनमध्ये नाही घ्यायचं."

कारण केमिस्ट्रीवाल्यांना लगेच कळेल. पीव्हीसीत क्लोरीन असतं. लेझरनं जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. तो ओलावा म्हणजे तुमचं नाक, घसा, फुप्फुसं. मशीनचं लोखंडही गंजतं ते वेगळंच. आपल्या गळ्यातलं आयकार्ड बहुतेक पीव्हीसीचंच असतं, फ्लेक्सवरही पीव्हीसीचा लेप असतो. सध्या बरेच जण घरातल्या खोलीत छोटी लेझर लावून कीचेन, नेमप्लेटच्या ऑर्डरी घेतायत. मस्त धंदा आहे, करा. पण धूर बाहेर टाकणारा पंखा आधी घ्या आणि अनोळखी प्लास्टिक तपासून घ्या. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे समजा. हिला बाइलस्टाइन चाचणी म्हणतात. होस्टेलच्या रूमवर नको, लॅबमध्ये, सरांसमोर, फ्यूम हूडखाली करा.

अजून एक, हे काकांनी जाता जाता सांगितलं. लेझरनं नुकतंच कापलेलं अ‍ॅक्रिलिक सॅनिटायझरनं किंवा थिनरनं पुसायचं नाही. कडेला बारीक बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास. घराबाहेर उन्हात लावायची पाटी अ‍ॅक्रिलिकची घ्या, एबीएस उन्हानं फिकट आणि ठिसूळ होतं. आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवा. नगरच्या मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक प्रसरण पावतं, जागा नसली की तडकतं.

शिरोरेघ वाचवते, टिंब पडतं

माझे बॅज दुसऱ्यांदा लागले तेव्हा काकांनी स्क्रीनवर अक्षरं मोठी करून दाखवली. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ थोडी पुढच्या अक्षरात घुसलेली असते. तसंच मशीनला दिलं तर ती प्रत्येक अक्षराची कड वेगवेगळी काढत बसते आणि सांध्यावर नको त्या रेघा उमटतात. म्हणून कोरल ड्रॉमध्ये आधी सगळी अक्षरं जोडून एकच आकार करतात. फॉन्टचा वेगळाच ताप. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये 'ल' दांड्याचा आणि 'श' शेंडीचा येतो. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितलाय. बहुतेक गिऱ्हाइकं बघत नाहीत. तुम्ही बघा, हक्कानं मागा.

पण शिरोरेघेचा एक फायदा मला फारच आवडला. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून भिंतीवर लावायची असतील तर इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं, एकेक मोजून चिकटवा. मराठीत आख्खा शब्द शिरोरेघेला लटकून एका तुकड्यात बाहेर येतो. 'अहिल्यानगर' कापा, एक तुकडा. 'नेवासा', एक तुकडा. 'संगमनेर' कापलं की मात्र टिंब खाली पडतं. 'शनिशिंगणापूर'चंही. ते पडलेलं टिंब हरवू नये म्हणून काका चहाच्या बशीत ठेवतात.

नाव बदलल्यावर काम वाढलं का, हे विचारल्याशिवाय राहवलं नाही. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं अहिल्यानगर नावाचा निर्णय घेतला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली. आपण बोलताना 'नगर'च म्हणतो, एसटी स्टँडवरही 'नगर, नगर' अशीच हाक येते. पण पाटी, बॅज, शिक्का यांना आख्खं नाव लागतं. काकांची अडचण वेगळीच. 'अहमदनगर'ची अक्षरं ७, 'अहिल्यानगर'ची ६. म्हणजे नवं नाव सहज बसायला हवं ना? नाही बसत. जुन्या नावात काना-मात्रा-वेलांटी काहीच नव्हतं, ते शिरोरेघेखाली शहाण्यासारखं मावायचं. नव्या नावाला वेलांटी आहे, ती वर डोकं काढते. तेवढ्याच उंचीच्या पट्टीत घालायचं तर अक्षर बारीक करावं लागतं, आणि अक्षर बारीक केलं की लांबून वाचता येत नाही. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता यावं.

त्याच मार्चमध्ये सरकारी कागदपत्रांत नावानंतर आईचं नाव लावायचा निर्णय झाला, १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तो सक्तीचा आहे. मंत्र्यांच्या पाट्याही तेव्हा बदलल्या : 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे'. चार शब्द. आता आपल्यातलेही काही जण इंटर्नशिपचा बॅज सांगताना आईचं नाव घालायला सांगतात. बॅजची रुंदी तेवढीच, खिसा तेवढाच. मग एक ओळ की दोन? काका दोन ओळी करतात, वर नाव आणि आईचं नाव, खाली उरलेलं. मला ते छान वाटलं. माझा करून घेतला तर तसाच घेईन, पिनचा नाही, मागे चुंबकवाला. शर्टाला भोक पडत नाही. (पेसमेकर असलेल्यांनी चुंबकाचा बॅज लावू नये, आजोबांना भेट देण्याआधी लक्षात असू द्या.)

नवे चाळीस तयार झाले. या वेळी मी अंगठा द्यायच्या आधी शब्द शेवटाकडून वाचला. क, व, से, यं, स्व. असं वाचलं की डोकं ओळखीचा शब्द गृहीत धरत नाही, अक्षरं दिसतात. ही युक्तीही काकांचीच.

जुने चाळीस मी पिशवीत घालून घरी आणले. गॅदरिंगच्या दिवशी आमच्यातल्या एकानं घाईत त्यातलाच एक उचलून लावला. सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो पोरांमध्ये फिरला, प्रमुख पाहुण्यांना बुके दिला, फोटो काढले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. फक्त मराठीच्या मॅडमनी त्याला स्टेजमागे थांबवलं, बॅजवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे टिंब कुणी सरकवलं?"