उपनगरांतील वीज आणि पुरवठादाराची निवड

मुंबईतील माहुल परिसरात ट्रॉम्बे औष्णिक केंद्र चालवणाऱ्या टाटा पॉवरला लहान ग्राहकांनाही थेट वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये दिला. परंतु उपनगरांत घरोघरी पोहोचणारे तारांचे जाळे तेव्हा मुख्यतः रिलायन्स या दुसऱ्या वीज कंपनीचे असल्याने तो हक्क बराचसा कागदावरच राहिला. ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ही कोंडी फोडली आणि ‘वहन आकार’, म्हणजे दुसऱ्याच्या तारांतून वीज नेण्याचे भाडे, भरून ग्राहकाला त्याच तारांवर पुरवठादार बदलण्याची मुभा दिली. दुहेरी जाळ्याचा खर्च अखेर ग्राहकावरच पडतो, त्यामुळे तारा सामायिक ठेवून विक्रीत स्पर्धा आणणारा हा निर्णय योग्यच होता. पुरवठादार बदलताना मात्र युनिटच्या दरासोबत वहन आकार व अधिभारही जमेस धरून एकूण बिलाची तुलना करावी.