ड्रॅग शर्यतीचे सहा सिलिंडरी एंजिन

ड्रॅग शर्यतीचे सहा सिलिंडरी एंजिन : स्थिर अवस्थेतून निघून सरळ मार्गावरील पाव मैल (सु. ४०२ मी.) अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या, दोन गाड्यांमधील स्पर्धेस ड्रॅग शर्यत म्हणतात. यांशिवाय एक-अष्टमांश मैल (सु. २०१ मी.) अंतराच्याही शर्यती होतात. अग्रगण्य व्यावसायिक स्पर्धकांच्या गाड्यांत प्रामुख्याने आठ सिलिंडरांची एंजिने असतात. अनेक हौशी स्पर्धक मात्र नित्य वापरातील गाडीचे सहा सिलिंडरी एंजिन उतरवून, त्याचे भाग तपासून व आवश्यक तेथे बदलून ते शर्यतीसाठी सिद्ध करतात. अशा एंजिनाचे यश कोणत्याही एका शक्तिवर्धक भागावर अवलंबून नसते, तर सर्व भागांचा परस्परमेळ आणि मोजमापांतील काटेकोरपणा यांवर अवलंबून असते. या नोंदीत अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या ‘स्लँट सिक्स’ या एंजिनाचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

इतिहास : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुकलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी फेरफार केलेल्या गाड्या वेगाने पळवीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे लोण सार्वजनिक रस्त्यांवर पसरले व अपघात होऊ लागले. त्यामुळे विमानतळांच्या धावपट्ट्यांवर शर्यती भरविण्यास सुरुवात झाली. सँता ॲना येथे १९५० मध्ये अशी नियमित शर्यतपट्टी सुरू झाली. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन करून शर्यतींना नियमांची चौकट दिली. या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅनझस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली.

स्लँट सिक्स हे एंजिन १९६० च्या व्हॅलिअंट गाडीबरोबर बाजारात आले. त्याच वर्षी कंपनीने ‘हायपर पॅक’ नावाचा भागसंच उपलब्ध केला. त्यात चार कंठांचा कार्ब्युरेटर व लांब अंतर्ग्रहण नळ्या होत्या. हा संच बसविलेल्या व्हॅलिअंट गाड्यांनी जानेवारी १९६० मध्ये डेटोना येथील लहान गाड्यांच्या शर्यतीत पहिले सातही क्रमांक पटकावले. साध्या कौटुंबिक गाडीच्या एंजिनात केवढी सुप्त क्षमता असते, हे त्यावरून दिसून आले.

रचना : एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या एंजिनात दट्ट्यांच्या पुढे-मागे होणाऱ्या गतीमुळे निर्माण होणारी प्राथमिक व द्वितीयक जडत्वबले परस्परांना छेदतात त्यामुळे एंजिन स्वभावतःच समतोल असते. भुजादंडाच्या दर १२०° फिरण्यास एका सिलिंडरात प्रज्वलन होते. प्रज्वलनाचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. या क्रमात पुढील तीन व मागील तीन सिलिंडर आळीपाळीने पेटतात. म्हणून प्रत्येक गटाच्या निष्कास नळ्या स्वतंत्रपणे एकत्र आणल्यास त्यांतून समान अंतराने वायूचे लोट बाहेर पडतात आणि एका सिलिंडराचा लोट दुसऱ्याच्या उत्सर्जनास अडथळा करीत नाही. हौशी यंत्रज्ञास अल्प खर्चात मिळणारा हा मोठा लाभ होय. याउलट लांब भुजादंडाला पीळ बसून त्यात मरोडी कंपने निर्माण होतात, हा या रचनेचा मुख्य दोष आहे. त्यासाठी भुजादंडाच्या पुढील टोकास कंपनशामक चक्र बसवितात. त्याचे रबर जुने झाले असल्यास ते बदलणे अगत्याचे असते.

स्लँट सिक्सचे सिलिंडर उभ्या पातळीशी ३०° कललेले असतात. त्याच्या २२५ घन इंची (सु. ३.७ लि.) प्रकारात सिलिंडराचा व्यास ८६.४ मिमी. व दट्ट्याची धाव १०४.८ मिमी. असते. भुजादंडास चारच मुख्य धारवे असले, तरी ते जाड व भक्कम असतात. सु. १९७६ पर्यंत भुजादंड घडीव पोलादाचा असे पुढे तो ओतीव करण्यात आला. दोहोंचे धारवे परस्परांना चालत नाहीत म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी एंजिनाचे निर्मितिवर्ष पाहणे आवश्यक असते.

वेगमर्यादा : एंजिनाची शक्ती ही परिबल व फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्यामुळे गती वाढविण्याचा मोह होतो. वरील धाव असलेल्या दट्ट्याचा सरासरी वेग दर मिनिटास ४,००० फेऱ्यांना सेकंदास सु. १४ मी. असतो, तर ५,५०० फेऱ्यांना तो सु. १९ मी. होतो. जडत्वबल मात्र गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ते जवळजवळ १.९ पट होते. हे बल संयोगदांडा व त्याचे बोल्ट यांना सोसावे लागते. म्हणून जुने बोल्ट पुन्हा न वापरता उच्च प्रतीचे नवे बोल्ट घालतात व संयोगदांड्यांना तडे आहेत काय, हे चुंबकीय चाचणीने पाहतात. लांब धावेच्या एंजिनातून मध्यम गतीस भरपूर परिबल मिळविणे, हे अतिवेगाच्या मागे लागण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

संपीडन : मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितका उष्णतेचा उपयोग अधिक होतो. या एंजिनाचे मूळ संपीडन गुणोत्तर सु. ८.४ : १ असून ते १० : १ केल्यास सैद्धांतिक कार्यक्षमतेत सु. ५ टक्के वाढ होते. प्रत्येक सिलिंडराचे धाव-घनफळ सु. ६१४ घ. सेंमी. आहे. त्यावरून हिशेब केल्यास दट्टा वरच्या टोकाशी असताना उरणारी जागा ८३ घ. सेंमी. वरून ६८ घ. सेंमी. वर आणावी लागते. या एंजिनात दट्टा आपल्या वरच्या टोकाशीही ठोकळ्याच्या पृष्ठाच्या बराच खाली राहतो, म्हणून ठोकळ्याचे पृष्ठ सु. २.५ मिमी. तासून हा बदल साधता येतो. मात्र त्यामुळे सिलिंडर शीर्ष खाली येते, ढकलदांडे तेवढ्या प्रमाणात लांब ठरतात व झडपांची भूमिती बदलते. झडप आणि दट्टा यांच्यातील अंतरही पुन्हा मोजावे लागते. एका बदलातून दुसरे बदल कसे ओढवतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

संपीडन वाढविल्यास उच्च ऑक्टेन अंकाचे इंधन लागते. अन्यथा मिश्रणाचा न जळलेला भाग आपोआप पेटून दाबलहरी निर्माण होतात. यास अपस्फोट (ठोके) म्हणतात. शर्यतीच्या गाडीत निष्कासाच्या गर्जनेमुळे हे ठोके ऐकू येत नाहीत आणि दट्ट्यास भोक पडल्यावरच दोष उघड होतो. यासाठी प्रत्येक काही फेऱ्यांनंतर ठिणगी-गुडद्या काढून त्यांच्या पांढऱ्या पृष्ठावर धातूचे सूक्ष्म कण चिकटले आहेत काय, हे भिंगातून पाहण्याची पद्धत आहे.

श्वसन : सिलिंडराचा व्यास लहान असल्यामुळे झडपांच्या आकारावर मर्यादा येते. मूळ अंतर्ग्रहण झडप सु. ४१ मिमी. व्यासाची असते. ती ४४ मिमी. केल्यास क्षेत्रफळ सु. १५ टक्क्यांनी वाढते. तथापि झडपेच्या बैठकीखालील मार्गाची वळणे हाताने घासून सुबक करणे, हे मोठी झडप बसविण्याइतकेच गुणकारी असते. या एंजिनात सर्व बारा मार्ग स्वतंत्र आहेत. शेव्हर्लेच्या २५० व २९२ घन इंची एंजिनांत अंतर्ग्रहण मार्ग दोन-दोन सिलिंडरांना सामाईक असल्यामुळे तेथे समान मिश्रण पोहोचविणे अधिक अवघड जाते.

झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमदंड उच्च गतीस शक्ती वाढवितो, परंतु कमी गतीस मिश्रणाचा काही भाग परत ढकलला जाऊन प्रत्यक्ष दाब घटतो. म्हणून संपीडन, कॅमदंड व मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर यांची निवड एकत्रितपणेच करावी लागते. कॅमदंड बसविताना त्याचा कोन अंशांकित चक्राने तपासतात. साखळीतील वा खाचेतील दोन-चार अंशांची चूकही सर्व परिश्रम वाया घालवू शकते.

दर मिनिटास ५,५०० फेऱ्यांना, सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरल्यास, या एंजिनास मिनिटाला सु. ८.६ घ. मी. हवा लागते. त्याहून किंचित अधिक क्षमतेचा कार्ब्युरेटर पुरेसा असतो. तो फार मोठा असल्यास हवेचा वेग मंदावतो, इंधनाचे कण नीट विखुरत नाहीत व सुटतानाच एंजिन अडखळते. मध्यभागी एकच कार्ब्युरेटर असल्यास पहिल्या व सहाव्या सिलिंडरांस विरळ मिश्रण मिळण्याचा धोका असतो. पूर्ण ज्वलनास वजनाने एका भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा लागते कमाल शक्ती मात्र सु. १२.५ ते १३ भाग हवेस मिळते. निष्कास नळीतील ऑक्सिजन संवेदक हे गुणोत्तर दर्शवितो. परंतु सामाईक नळीतील संवेदक सर्व सिलिंडरांची केवळ सरासरी दाखवितो. सरासरी योग्य असूनही एखाद्या सिलिंडरातील दट्टा अतिउष्णतेने वितळू शकतो. म्हणून सहाही ठिणगी-गुडद्यांचा रंग स्वतंत्रपणे पाहण्याला पर्याय नाही.

जुळणी : मुख्य धारव्यातील तेलासाठी ठेवावयाची फट दंडाच्या व्यासाच्या सु. एक-सहस्रांश, म्हणजे ७० मिमी. व्यासास ०.०७ मिमी. असते. दट्ट्याच्या कड्याच्या टोकांमधील फट सिलिंडराच्या व्यासाच्या सु. चार-सहस्रांश, म्हणजे येथे ०.३५ मिमी. ठेवतात. ती अपुरी असल्यास कडे तापून टोके एकमेकांवर आदळतात व दट्ट्याचा काठ तुटतो. गाडी वेगाने सुटताना तेल पात्राच्या मागील भागाकडे लोटले जाते. शोषक नळी उघडी पडू नये यासाठी पात्रात आडव्या पट्ट्या बसवितात. क्षणभर तेल न मिळाल्यासही धारवे जळतात.

टर्बोचार्जर : निष्कास वायूंवर चालणाऱ्या या संपीडकाने हवा दाबून भरल्यास झडपांच्या लहान आकाराची उणीव बरीच भरून निघते. ब्युइकच्या ३.८ लि. व्ही-आकारी सहा सिलिंडरी एंजिनाने १९८६ व १९८७ मध्ये आणि टोयोटाच्या तीन लिटरी २जेझेड-जीटीई या एंजिनाने १९९१ नंतर या पद्धतीस मोठी लोकप्रियता मिळवून दिली. दाबलेली हवा तापत असल्यामुळे ती थंड करणारा शीतक व मूळ संपीडन गुणोत्तराचा पुनर्विचार आवश्यक असतो.

समायोजन : शर्यतपट्टीवर दोन आकडे मिळतात : अंतर कापण्यास लागलेला वेळ व अंतिम वेग. अंतिम वेग मुख्यतः शक्ती व वजन यांचे गुणोत्तर दर्शवितो वेळ मात्र सुटण्याच्या पद्धतीवर व टायरांच्या पकडीवरही अवलंबून असतो. अंतिम वेग शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो म्हणजे शक्ती दुप्पट केली, तरी वेग सु. २६ टक्केच वाढतो. प्रज्वलनाचा कोन एका वेळी दोन अंशांनी पुढे नेऊन अंतिम वेग पाहतात. वेग वाढणे थांबताच कोन किंचित मागे घेतात. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक फेरीची नोंद वहीत करावी, हा येथील मूलभूत नियम होय.

हौशी स्पर्धांत ‘ब्रॅकेट’ पद्धत विशेष रूढ आहे. चालक आपल्या गाडीची अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो व मंद गाडीस दोन वेळांतील फरकाइतके आधी सोडतात. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद ठरतो. त्यामुळे सर्वांत बलवान एंजिनापेक्षा प्रत्येक फेरीस तेच काम करणारे एंजिन अधिक मोलाचे ठरते. तापमान १०° से. वाढल्यास हवेची घनता सु. ३ टक्क्यांनी घटते व १६ सेकंदांच्या फेरीत सु. ०.१५ से. चा फरक पडू शकतो. पुष्कळ शर्यतींचा निर्णय यापेक्षाही कमी अंतराने लागतो. म्हणून अनुभवी स्पर्धक हवेचे तापमान व दाब नोंदवितात आणि प्रत्येक फेरीपूर्वी एंजिनातील पाण्याचे तापमान सारखे ठेवतात.

सुरक्षितता : फिरत्या भागांतील ताण गतीच्या वर्गाने वाढत असल्यामुळे जुने ओतीव लोखंडी प्रचक्र उच्च गतीस फुटून त्याचे तुकडे चालकाच्या पायांपर्यंत पोहोचू शकतात. त्यासाठी पोलादी प्रचक्र व त्याभोवती मजबूत कवच वापरतात. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांनुसार पाव मैल १४ सेकंदांपेक्षा कमी वेळात कापणाऱ्यास प्रमाणित शिरस्त्राण सक्तीचे असते गाडी जसजशी वेगवान, तसतशा अटी कडक होतात. महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील आंबी व्हॅली येथील धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात अशा शर्यती झाल्या. बंद धावपट्टी, रुग्णवाहिका, अग्निशामक व्यवस्था आणि गाडीची पूर्वतपासणी यांमुळेच हा छंद खेळ या पदवीस पात्र ठरतो. तेच एंजिन सार्वजनिक रस्त्यावर त्याच हेतूने चालविल्यास ज्यांचा शर्यतीशी काहीही संबंध नाही, अशांचे प्राण धोक्यात येतात. ज्या संकटातून सुटका व्हावी म्हणून शर्यतपट्ट्या निर्माण झाल्या, ते हेच होय.