पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?
बर्फावरील हॉकी आणि संरक्षक साधनांचा न संपणारा वाद

२८ ऑक्टोबर २०२३. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात बर्फावरील हॉकीचा सामना रंगात आला होता. नॉटिंगहॅम पँथर्स संघाचा अ‍ॅडम जॉन्सन हा अमेरिकन खेळाडू पक घेऊन पुढे सरसावला आणि एका टकरीत प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचे पाते त्याच्या गळ्यावरून फिरले. उपचारांची शर्थ झाली, पण जॉन्सन वाचला नाही. तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कवच, हातांत जाड मोजे, गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत ढाली असा त्याचा सारा जामानिमा होता. उघडा होता तो फक्त गळा.

वाचकहो, हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैदान, चेंडू आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडा, अमेरिका आणि उत्तर युरोपातील ही हॉकी निराळी आहे. येथे चेंडूऐवजी सुमारे १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती असते. तिलाच पक म्हणतात. जोरकस फटक्यानंतर ती ताशी १६० किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने धावू शकते. खेळाडूच्या पायांतील पाते जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते. त्याच्या तळाशी खोबण काढलेली असल्याने त्याला दोन धारदार कडा येतात. आपल्या मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या आणि तेथून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्वचेपासून फारशा खोल नसतात. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की गळापट्टीचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही व्यावसायिक हॉकीत हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला आहे.

प्रत्येक साधनामागे एक जखम

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियल संघाचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या चेहऱ्यावर पक आदळला. टाके घालून तो परतला, तो मुखवटा चढवूनच. मुखवट्याने नजर अडेल, खेळ बिघडेल, असे त्याच्या प्रशिक्षकांचे मत होते. पण मुखवट्याविना उतरणार नाही, असे प्लांटने ठामपणे सांगितले. आज मुखवट्याविना गोलरक्षकाची कल्पनाही करवत नाही.

जानेवारी १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा खेळाडू हेल्मेटविना बर्फावर आपटला आणि दोन दिवसांनी मरण पावला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने हेल्मेट सक्तीचे केले ते त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७९ मध्ये. तेही नव्याने करारबद्ध होणाऱ्यांसाठी. जुन्यांना मुभा राहिली आणि शेवटचा हेल्मेटविना खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला. डोळ्यांपुढील पारदर्शक काचेचा नियमही २०१३ मध्ये असाच नवोदितांपासून लागू झाला.

गळ्याची कथा तर अधिक खिन्न करणारी आहे. २२ मार्च १९८९ रोजी बफेलो संघाचा गोलरक्षक क्लिंट मलारचक याच्या मानेची शीर स्केटने कापली गेली. संघाच्या प्रशिक्षण साहाय्यकाने पूर्वी सैन्यात वैद्यकीय सेवा बजावली होती. त्याने धाव घेऊन जखम हाताने घट्ट दाबून धरली, म्हणून मलारचक वाचला. शेकडो टाके पडूनही दोन आठवड्यांच्या आत तो पुन्हा खेळू लागला. शरीर सांधले गेले, मन मात्र दुखावलेलेच राहिले. पुढे अनेक वर्षे त्याला मानसिक आजाराशी झुंजावे लागले आणि त्याविषयी तो स्वतः मोकळेपणाने बोलला आहे. हॉकीतील सारे जग तेव्हा हादरले होते. तरीही गळापट्टी सर्वत्र आली नाही.

विरोधकांचेही ऐकू या

विरोध करणारे खेळाडू अविचारी असतात असे मानणे अन्यायाचे ठरेल. जुन्या पट्ट्या जाड होत्या, घामाने भिजत, मान वळवताना काचत. क्षणार्धात दिशा बदलणाऱ्या खेळाडूला ही अडचण किरकोळ नसते. शिवाय सज्ञान व्यावसायिकाने आपल्या शरीराचा निर्णय स्वतः घ्यावा, हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारप्रवर्तक आहे: कवच वाढले की बेफिकिरीही वाढते. खांद्यांची आणि कोपरांची कठीण कवचे ज्याच्या अंगावर असतात त्याला वाचवतात, पण समोरच्याच्या डोक्यावर ती आदळली तर शस्त्रासारखी लागतात. हेल्मेटविषयीही भ्रम नको. ते कवटी वाचवते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते पूर्णपणे रोखू शकत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये हॉकीची ३२ हेल्मेटे तपासली, तेव्हा एकालाही पाच तारे मिळाले नव्हते.

कसोटी कोणती?

म्हणून प्रत्येक नव्या साधनाला तीन प्रश्न विचारावेत. ते नेमकी कोणती इजा टाळते? ते दुसऱ्याला धोका निर्माण करते का? आणि ते खेळाचे मूळ कौशल्य हिरावून घेते का?

गळापट्टी या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देते. आजच्या पट्ट्या अ‍ॅरॅमिडसारख्या चिवट धाग्यांच्या, पातळ आणि अंगाला बसणाऱ्या असतात. काही तर आतल्या सदऱ्याच्या उंच गळ्यातच शिवलेल्या असतात. त्या प्रत्येक जखम टाळतील असे नाही, परंतु पाते आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये काहीतरी उभे राहते. त्यांच्यामुळे प्रतिस्पर्ध्याला इजा होत नाही की कोणाला गोल सोपा होत नाही.

आणखी एक विसंगती पाहा. लाकडी काठी मागे पडून हलकी, लवचीक संमिश्र काठी आली. ती फटक्याला वेग देते म्हणून खेळाडूंनी ती आनंदाने स्वीकारली. वेग वाढवणारे तंत्रज्ञान हवे आणि त्या वेगापासून वाचवणारे मात्र परंपरेच्या विरुद्ध, हा न्याय कोठला?

जॉन्सनच्या मृत्यूनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या स्पर्धांत प्रौढांनाही गळापट्टी सक्तीची केली. नॅशनल हॉकी लीगने २०२६-२७ च्या हंगामापासून नव्याने येणाऱ्या खेळाडूंसाठी तसे ठरवले आहे. पुन्हा तीच संथ चाल, जुन्यांना पुन्हा तीच मुभा. पण पाते कोणाची ज्येष्ठता पाहत नाही.

घरातील खेळाडूसाठी

टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या आप्तांची मुले हा खेळ खेळत असतील. लडाखमध्येही तो आवडीने खेळला जातो. अशा पालकांनी पट्टी केवळ जाड आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती काप-प्रतिरोधक आहे का, मान चहूबाजूंनी झाकते का, मूल वाढल्यावर तोकडी पडत नाही ना, हे पाहावे. मनगट आणि टाचेमागील स्नायूबंध यांसाठीही असे मोजे मिळतात. रिंकवर प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आहे का, हेही विचारावे. खोल जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट, न सोडता दाब देणे आणि तत्काळ वैद्यकीय मदत बोलावणे एवढे तरी घरातील प्रत्येकाला यायला हवे. मलारचक वाचला तो त्या दाबामुळेच.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. या खेळाने त्या शहाणपणासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. आपल्या मुलाच्या गळ्याभोवती पट्टी बांधताना ती किंमत पुन्हा मोजण्याची गरज नाही.