घुंगरं कुठं गेली?

आमचं मोडनिंब लावणीच्या कलाकेंद्रांचं गाव. वडिलांकडे सुलोचना चव्हाणांच्या तबकड्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सुलोचनाबाई गेल्या, तेव्हा त्या संगणकावर उतरवायला बसलो. तबकडी मोनो, सुई मात्र स्टिरिओ; डावीकडचा आवाज मोठा, उजवीकडचा बारीक. दोन्ही सारखे करून एकत्र केले, तसा आवाज मधोमध आला, खरखरही कमी झाली. मग हाव सुटली. उरलेली खरखरही पुसून टाकली आणि कौतुकानं आईला ऐकवलं.

“अरे, घुंगरं कुठं गेली?” आई म्हणाली.

खरखर काय, घुंगरं काय, दोन्ही बारीक, उंच आवाज. एकाबरोबर दुसराही पुसला गेला होता. तबकडी पुन्हा उतरवली. आता थोडी खरखर आहे. पण घुंगरं वाजतात.