मरळीसाठी आमिषाचे गळ : निवड आणि निगा

नाशिक जिल्ह्यात सिन्नर, निफाड, चांदवड भागात शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ पाळणारे बरेच शेतकरी आहेत. मातीच्या तळ्यात पावसाळी ओहोळाच्या पाण्याबरोबर मरळ शिरते आणि बोटुकली फस्त करते. बीज सोडण्यापूर्वी हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड टाकून अशा माशांचा बंदोबस्त करता येतो. परंतु बीज सोडल्यावर हा उपाय चालत नाही, कारण पेंडीने पाळलेले मासेही मरतात. मरळ चिखलात दडत असल्याने जाळ्यातूनही निसटते. अशा वेळी तरंगत्या कृत्रिम आमिषाचा गळ उपयोगी पडतो. त्याने सर्व मरळ निघणार नाही, पण मोठी, खादाड मरळ कमी करता येते.

बाजारातील आमिषाला बहुधा तीन तोंडांचे गळ असतात. ते बोथट झाले किंवा गंजले की आमिष फेकू नये, फक्त गळ बदलावेत.

निवड कशी करावी? गळाचा क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होतो; म्हणजे ६ पेक्षा ४ क्रमांकाचा गळ मोठा. १ क्रमांकानंतर मात्र १/०, २/० असे आकार वाढत जातात. जुना गळ दुकानात सोबत न्यावा व त्याच मापाचा घ्यावा. मरळीचा जबडा टणक असतो, म्हणून बारीक तारेचा गळ वाकतो. जाड तारेचा घ्यावा. मात्र जाड तारेने वजन वाढते. यासाठी गळ बसविल्यावर आमिष बादलीतील पाण्यात सोडून पाहावे. ते बुडाले किंवा एका बाजूला कलले तर गळ जड झाला असे समजावे. पुढचा गळ मागच्या गळात अडकत नाही ना, हेही पाहावे.

पाणवनस्पती जास्त असल्यास तीन तोंडांऐवजी एकतोंडी गळ लावावा. तो कमी अडकतो. अणीमागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकल्यास चुकून लागलेला कटला इजा न होता सोडता येतो.

निगा. अण अंगठ्याच्या नखावर अलगद ठेवून ओढावी. ती रुतली तर गळ धारदार आहे. घसरली तर बारीक कानशीने हलक्या हाताने धार लावावी. अण वाकली असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर गळ बदलावा. काम झाल्यावर गळ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत वाळवावेत. ओला गळ डबीत ठेवल्यास शेजारचेही गंजतात. आमिषाची कडी सैल झाली असल्यास तीही बदलावी.

दक्षता. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात गळ वापरू नये. अण लागून कागद फाटतो व साठविलेले पाणी झिरपून जाते. द्राक्षबागेच्या ऐन गरजेच्या वेळी हे नुकसान परवडणारे नाही. तुटलेला दोरा व गळ काठावर टाकू नयेत. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील पाणपक्षी आसपासच्या शिवारातही उतरतात आणि असा दोरा त्यांच्या पायात गुंततो. जनावरांच्या तोंडीही गळ जाऊ शकतो. गळ हाताला लागल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. धरणात मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, म्हणून परवानगीशिवाय तेथे गळ टाकू नये.

येत्या पावसाळ्यात पाणी आत येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. मरळ आत येऊ न देणे हाच खरा उपाय. गळ हा त्यानंतरचा.