मोटारसायकलला तेलपाणी, पण स्वाराला काय?



भातकापणी आटोपली, झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचल्या, की आपल्या महाड-पोलादपूरकडच्या तरुणांना थोडी सवड मिळते. अशाच दिवसांत, गेल्या हिवाळ्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावी गेलो होतो. एका माउलीने मला अंगणातच अडवले. "साहेब, वालाचं मागाहून बघू. आधी ह्या पोराला काही सांगा. पहाटे उठून गाडी घेऊन घाटात जातो. म्हणतो, शर्यतीत उतरायचंय."

पोरगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला रागावलो नाही. एवढेच विचारले, "अरे, बैठका किती मारतोस?" चाळिसावी मारताना त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. मग ओटीवर बसून आम्ही जे बोललो, तेच आज आपल्याला सांगतो. कारण असे मुलगे आता गावोगावी आहेत.

आपण म्हणाल, मोटारसायकलवर बसायचेच तर आहे, ताकद इंजिनाची लागते, माणसाची कशाला? तसे नाही. जागतिक शर्यत साधारण 40 ते 45 मिनिटे चालते. वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. वळणाआधी ब्रेक दाबला की स्वाराचे सारे अंग पुढे ढकलले जाते. ते मांड्यांनी टाकी आवळून आणि पोट-कमरेच्या बळावर धरायचे असते. मांड्या दमल्या की तो भार हातांवर येतो, आणि तेथूनच घात सुरू होतो.

हाताच्या पुढच्या भागातील स्नायू एका घट्ट पापुद्र्यात बांधलेले असतात. हँडल सतत आवळून धरले की स्नायू फुगतात, पापुद्रा मात्र ताणत नाही. रक्ताची ये-जा मंदावते, हात लाकडासारखा होतो, बोटे ब्रेक ओढेनाशी होतात. 2021 च्या मे महिन्यात स्पेनमधील हेरेझच्या शर्यतीत फाबियो क्वार्टारारो हा फ्रेंच स्वार सर्वांच्या पुढे होता. हात असा भरून आला आणि तो तेराव्या क्रमांकावर घसरला. त्याने हातावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी तो जगज्जेता झाला.

दुसरी गोष्ट उन्हाची. 24 सप्टेंबर 2023 रोजी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटो जीपी शर्यत झाली. उकाड्यामुळे फेऱ्या कमी करून 21 केल्या होत्या. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच अंगातले पाणी कमी होऊन कोसळण्याच्या बेतात आला. एवढा कसलेला गडी, पण उन्हापुढे कोणाचे चालत नाही.

तिसरी गोष्ट घाईची. मार्क मार्केझ 2020 च्या जुलैत पडला आणि त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांत तो पुन्हा गाडीवर बसला. हाडात बसवलेली पट्टी पुढे निकामी झाली. 2022 पर्यंत एकंदर चार शस्त्रक्रिया झाल्या. पुन्हा जगज्जेतेपद मिळाले ते 2025 साली. कलम केलेल्या आंब्याचा जोड जुळण्याआधी कोणी पट्टी सोडतो काय? हाडाचेही तसेच आहे.

म्हणून शर्यतीचे स्वार मोसम संपला की स्वस्थ बसत नाहीत. गाडीपेक्षा स्वतःच्या अंगाकडे अधिक लक्ष देतात. आपल्या देशातील राष्ट्रीय शर्यतींचा मोसम साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होऊन वर्षअखेरीपर्यंत चालतो. म्हणजे त्यांची सवड आणि आपल्या भातशेतीची सवड जवळजवळ एकच. मृगाआधी आपण बैलाची खुराक वाढवतो आणि त्याला हळूहळू कामाला लावतो. तोच हा न्याय.

त्या मुलाला मी जी तालीम लिहून दिली ती अशी:

पहिला महिना दम वाढवण्याचा. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास धावावे किंवा सायकल चालवावी. पोहता येत असेल तर पोहणे उत्तम, पण एकट्याने डोहात उतरू नये.

दुसऱ्या महिन्यापासून बळ. बैठका, जोर आणि सूर्यनमस्कार, एक दिवसाआड. पालथे होऊन कोपर व पायाची बोटे यांवर अंग सरळ उचलून धरावे. अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करावी. मानेसाठी कपाळाला तळवा लावून हळू दाब द्यावा. नुसती मूठ आवळण्याचा व्यायाम फार करू नये. हँडल सैल धरायला शिकणे अधिक महत्त्वाचे.

शेवटच्या महिन्यात चढावर एक मिनिट जोरात धावावे, चालत खाली यावे. असे सहा वेळा. उन्हाची सवय थोडी थोडी करावी, पाणी जवळ ठेवावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. हाताला मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

खाण्यासाठी बाजारातील डबे आणायला नकोत. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि तेवढ्याच कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने. भाकरी, कुळथाची पिठी, दूध, केळी आणि पुरेशी झोप एवढे पुष्कळ झाले.

आता घाटाविषयी. आंबेनळी हा शर्यतीचा रस्ता नव्हे. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि 30 जण गेले. ती आमच्याच खात्याशी संबंधित माणसे. आजही त्या वळणांवर माझा हात आपोआप वेग कमी करतो. शर्यतीच्या रस्त्यावर घसरणाऱ्यासाठी मोकळी जागा राखलेली असते, समोरून एस.टी. येत नाही, रुग्णवाहिका उभी असते. वेगाचा सराव करायचा तर चेन्नई किंवा कोइमतूरच्या बंदिस्त मार्गावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली. घाटात चढायचे ते सायकलवर.

मुलाने ते कबूल केले. या पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा लावणी चालू होती. बैठका शंभराच्या पुढे गेल्या होत्या. तो शर्यतीत उतरेल की नाही, हे आज कोण सांगणार? पण आई म्हणाली, "साहेब, पहाटे गाडीचा आवाज येत नाही, मला झोप लागते. आणि यंदा लावणीत पोराची कंबर धरली नाही."

गाडीचे तेलपाणी तर आपण वेळेवर करतोच. यंदा सवडीच्या दिवसांत स्वाराचेही करून पाहा.